कल्पनेच्या गावाचा सातबारा

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेली माझी नात माजघरातल्या टीव्हीला मोबाईल जोडून एक जपानी चित्रपट पाहत बसली होती. मी ओसरीवर वर्तमानपत्र चाळत होतो. एकाएकी आतून हाक आली, "आबा, लवकर या! तुमचं लोहा दाखवतायत!"

आमचे लोहा टीव्हीवर दिसण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. पाऊस दगा देतो तेव्हा, नाहीतर निवडणूक लागते तेव्हा. त्या दिवशी यांपैकी काहीच नव्हते. चष्मा शोधत मी आत गेलो, तर पडद्यावर तळ्याकाठी लाकडी कोट घातलेले, धुराने काळवंडलेले एक गाव आणि त्यात लोखंड वितळवणारी भट्टी. इंग्रजी संवादांत गावाचे नाव होते 'आयर्न टाऊन'. नातीने त्याचे तिच्या परीने भाषांतर केले होते आणि ते चूक म्हणता येणार नाही. नोकरीत मी जिथे जिथे बदलून गेलो तिथे लोक हटकून विचारत, "लोह्याला लोखंड निघतं का हो?" निघत नाही. कापूस निघतो, ज्वारी निघते, अलीकडे सोयाबीन निघते. लोखंड बाहेरून येते आणि त्याला आकार देणारी काही माणसेही बाहेरूनच येतात. त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे, पण थोडा वळसा घालून.

चित्रपट होता 'प्रिन्सेस मोनोनोके'. हयाओ मियाझाकी या दिग्दर्शकाने तो १९९७ साली केला. कार्टून म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंदीर-मांजर येते. हे प्रकरण वेगळे आहे. जपानच्या मुरोमाची काळातला, म्हणजे ढोबळमानाने चौदाव्या ते सोळाव्या शतकातला, पण नकाशावर कुठेही न सापडणारा मुलूख. जंगलात माणसाच्या भाषेत बोलणारे लांडगे आणि रानडुकरे. जंगलाचा देव दिवसा हरणासारखा, रात्री डोंगराएवढा. जंगल तोडल्याशिवाय कोळसा नाही, कोळशाशिवाय लोखंड नाही, लोखंडाशिवाय त्या गावातल्या गोरगरिबांना पोट नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे वाटते आणि पाहणाऱ्याची पंचाईत होते. मी बसलो तो शेवटपर्यंत उठलो नाही. चहा दोनदा थंड झाला.

मला खिळवून ठेवले ते देवांनी किंवा लांडग्यांनी नव्हे, त्या भट्टीने. लोहवाळू आणि कोळसा घालून पोलाद काढण्याची 'तातारा' नावाची भट्टी जपानात खरोखर होती. चित्रपटात तिचा भाता पायांनी चालवायचा आहे. रांगेने उभ्या असलेल्या बाया गाणी म्हणत फळी दाबताहेत, एक पाळी संपली की दुसरी उभी राहते, एकमेकींची आणि नवऱ्यांची मनसोक्त थट्टा चालली आहे. आता गंमत अशी की, प्रत्यक्ष जपानी परंपरेत या भट्टीजवळ बायकांना मज्जाव असे. मियाझाकींना ते ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? इतिहास ज्याला नीट माहीत असतो त्यालाच तो कुठे वाकवायचा हे कळते. चित्रे काढण्यापूर्वी त्यांचे चित्रकार याकुशिमा बेटावरचे जुने जंगल पाहून आले होते. अमिनो योशिहिको या इतिहासकाराच्या लेखनाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. राजे आणि शेतकरी यांच्यापलीकडचा जपान अमिनोंनी अभ्यासला. कारागीर, भटके, समाजाने बाजूला सारलेले लोक हा त्यांचा विषय. चित्रपटातही त्या गावात आसरा मिळाला आहे तो अशाच लोकांना, कुष्ठरोग्यांनासुद्धा.

नात म्हणाली, "आबा, बायका खरंच असं काम करत असतील?"

मी म्हटले, "मार्गशीर्षात ये. दाखवतो."

लोह्यापासून जवळच नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगाव आहे. तिथे मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांच्या बाजारासाठी ही यात्रा मोठी. कंधारवरूनच जिला नाव पडले ती गडद तांबडी लाल कंधारी जनावरे तिथे रांगेने उभी असतात. आणि यात्रेच्या एका कडेला पालांपुढे घिसाडी बसलेले असतात. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरून बसतो आणि त्याची बायको उभी राहून घण घालते. पुष्कळदा पाठीला पोर असते. विळा, खुरपे, कुऱ्हाड, वखराची पास. मराठवाड्याच्या शेतात जे जे लोखंड वर्षानुवर्षे चालले त्यातले कितीतरी या बायांच्या घावांखालून गेलेले आहे. मियाझाकींना जी बाई कल्पनेने उभी करावी लागली ती आमच्याकडे कडब्याच्या गंजीपलीकडे उभी आहे.

नातीने मग सुटीभर मला दुसरे एक प्रकरण दाखवले. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकी मालिका, २००५ ते २००८, एकंदर ६१ भाग. नाव आपले, माल मात्र साऱ्या आशियाचा. पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू यांची चार राष्ट्रे. वायूचे लोक तिबेटी भिक्षूंची आठवण देणारे, अग्नीचे राष्ट्र बव्हंशी साम्राज्यवादी जपानच्या वळणावर, पृथ्वीचे राज्य चीनचे. नायक मुलाचे वाहन म्हणजे सहा पायांचा उडणारा गवा आणि त्याचे नाव चक्क 'आप्पा'. आमच्या घरी आप्पा म्हणजे माझे थोरले बंधू. ते शेजारच्या खोलीत झोपले असताना "आप्पा, उड!" असा आवाज टीव्हीतून आला आणि ते दचकून उठले. त्यावरून घरात दोन दिवस हसणे चालले होते.

मालिका करणारे मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को हे दोघेही अमेरिकी. त्यांनी उसनवारी केली, पण हिशेबाने केली. पाण्याच्या लोकांच्या हालचाली ताई-ची या चिनी युद्धकलेवरून, पृथ्वीच्या लोकांच्या हुंग-गारवरून, अग्नीच्या उत्तर शाओलिनवरून, वायूच्या बाग्वावरून. त्यासाठी युद्धकलेचा शिक्षक सल्लागार म्हणून घेतला. पडद्यावरच्या पाट्यांवरची चिनी अक्षरे खरी असावीत म्हणून त्या लिपीचा जाणकार घेतला. प्रत्यक्ष चित्रे हलती करणारे हात कोरियातल्या स्टुडिओंमधले. हे सगळे असून भारताची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचे हात आखडले. सात चक्रे समजावणारा एक गुरू येतो, तो डोंगरावर उघड्या अंगाने बसलेला, दाढीवाला आणि कांद्या-केळ्याचा रस पिणारा! चक्रांचे प्रकरण बरे जमले आहे, पण कांदा आणि केळे? वैद्यसुद्धा असे पथ्य सांगणार नाही. पुढे २०१० साली याच मालिकेवरून चित्रपट निघाला. त्यात आशियाई वळणाच्या नायक-नायिकांच्या भूमिका गोऱ्या नटांना दिल्या आणि त्यावर रीतसर ओरड झाली. ओरड रास्तच होती.

पण मला या मालिकेतला एक लहानसा प्रसंग विसरता येत नाही. युद्धातून पळालेले निर्वासित मोठ्या तटबंदीच्या शहराकडे जाण्यासाठी बंदरात जमले आहेत. बोटीचे तिकीट देणारी बाई कडक. कागद असेल तर तिकीट, नसेल तर बाजूला व्हा. एका कुटुंबाचे कागद चोरीला गेलेत, बाई अवघडलेली आहे, पण नाही म्हणजे नाही. त्याच खिडकीवर नायकाच्या टोळीतली एक श्रीमंत घरची मुलगी आपल्या घराण्याची मोहर दाखवते आणि तिच्या मंडळींना लगेच तिकिटे मिळतात. हा प्रसंग विनोदी आहे, नात खळखळून हसत होती. मला हसू आले नाही.

एक कारण आईचे. १९४८ साली रझाकारांच्या धुमाकुळात आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे निजामाची हद्द ओलांडून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. आई तेव्हा दहा वर्षांची होती. रात्रीची बैलगाडी, चाकांच्या आसांना घातलेले जास्तीचे वंगण, म्हणजे आवाज होऊ नये, आणि उरलेले वाटभर भीतीने गप्प बसणे, हे ती सांगायची. अग्नीच्या राष्ट्राच्या सैनिकांपुढून गाडे हाकत निघालेली माणसे पाहताना मला अमेरिका आठवली नाही, चीनही नाही. ज्याने कुणी ते लिहिले त्याने कुठल्या तरी खऱ्या पळापळीचा अभ्यास केलेला होता आणि खऱ्या पळापळी सगळ्या एकमेकींच्या मावसबहिणी असतात.

दुसरे कारण माझे स्वतःचे. ऐंशीच्या दशकात मी बँकेत नवा अधिकारी होतो. ग्रामीण विकासाच्या सरकारी योजनेत कारागिरांना छोटी कर्जे द्यायची होती, उद्दिष्ट ठरवून दिलेले होते. एके दिवशी एक घिसाडी नवरा-बायको आले. नवा भाता आणि ऐरण घ्यायची होती, रक्कम किरकोळ. अर्ज मीच भरायला घेतला. नाव झाले, वय झाले, धंदा झाला. मग आले 'कायमचा पत्ता'. दोघे एकमेकांकडे पाहू लागले. पुरुष म्हणाला, "साहेब, पावसाळ्यात एका गावाला असतो, बाकी फिरतीवर." रेशनकार्ड नाही, जामीनदार नाही. बाई म्हणाली, "ह्या सगळ्या गावांत आम्हाला वळखतेत की." मी अर्ज परत केला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. वरिष्ठांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर आलेल्या माणसाचा अर्ज मंजूर झाला, त्याचा पत्ता कायमचा होता आणि कर्ज कायमचे बुडले. त्या बंदरावरच्या खिडकीत बसलेली बाई म्हणजे मीच होतो. चाळीस वर्षांनी ते मला एका कार्टूनने दाखवावे!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या विषयावर आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर वाद झाला तेव्हा एक निवृत्त मुख्याध्यापक तावातावाने म्हणाले, "हे परदेशी लोक आपली संस्कृती चोरतात आणि आपल्यालाच विकतात." हे वाक्य सभेत टाळ्या घेईल, पण मला पटत नाही. मियाझाकींच्या १९८६ सालच्या 'लापुता' या चित्रपटात आकाशातल्या किल्ल्यावरून संहारक अस्त्र सुटते, तेव्हा खलनायक म्हणतो की रामायणात याला इंद्राचा बाण म्हटले आहे. यात आपले काय चोरीला गेले? युगो साको नावाच्या जपानी गृहस्थाने रामायण वाचले आणि तो त्या कथेने इतका भारला गेला की त्याने भारतीयांना बरोबर घेऊन संपूर्ण रामायणाचा चित्रपटच केला. १९९२ साली तो पुरा झाला. आपले राम मोहन हे त्याचे सहदिग्दर्शक, संगीत वनराज भाटिया यांचे आणि संस्कृत गीते वसंत देव यांची. त्याची बातमी आली तेव्हा आपल्याकडे आधी निषेध झाला, की परक्यांनी आमच्या देवांची कार्टुने काढायची नाहीत. तोच चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये देशभर पुन्हा लागला आणि लोकांनी मुलांना घेऊन पाहिला. साको २०१२ साली गेले, राम मोहन २०१९ साली. ही गर्दी पाहायला दोघेही नव्हते.

उसने घेण्यात पाप नाही. सबंध आयुष्य मी उसने देण्याच्या धंद्यात घालवले आहे, म्हणून हे ठासून सांगतो. कर्ज मागायला येणाऱ्याचा हेतू आम्ही विचारायचो, पण विश्वास ठेवायचो तो स्थळपाहणीवर. म्हैस घेतली म्हणतोस ना, मग गोठा दाखव. आणि शेत म्हणतोस तर सातबारा आण. सातबाऱ्यात दोन भाग असतात. सातच्या भागात जमीन कोणाची ते, बाराच्या भागात पेरलेय काय ते. कल्पनेच्या जगाला साताचा उतारा मागू नये असे माझे मत आहे. कथा कोणाच्या मालकीची हा वाद कोर्टातसुद्धा सुटायचा नाही. बाराचा उतारा मात्र मागितलाच पाहिजे. तुमच्या त्या जगात पिकते काय? पाणी कुठून येते? लोखंड कोण कुटतो? मेलेले ढोर कोण ओढतो? याची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्याचे उडणारे गवेसुद्धा खरे वाटतात.

या कसोटीला आपल्याकडची चित्रे लावून पाहावीत. नाशिकचे, म्हणजे त्र्यंबकेश्वरचे, दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांना पडद्यावर नाचवले होते. प्रभातने १९३४ साली 'जंबूकाका' हे व्यंगपट-वळणाचे चलच्चित्र काढले. त्याच्याही कितीतरी आधीपासून चित्रकथी लोक गावोगाव फिरत, एकेक चित्र पुढे सरकवत आणि वाद्याच्या साथीने कथा गात. त्यांची जुनी चित्रे पैठणी शैलीची म्हणून ओळखली जातात, त्यांतली पुष्कळ पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. पैठण आपल्या मराठवाड्यातले! कोकणात पिंगुळीला ही कला अजून जिवंत आहे आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे चित्र हलवून गोष्ट सांगण्याची कला आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवावी अशी स्थिती नव्हती.

मग पुढे झाले काय? व्ही. जी. सामंत यांच्या २००५ सालच्या 'हनुमान'ने चांगली सुरुवात केली. पाठोपाठ २००८ पासून 'छोटा भीम' घरोघर पोचला. त्याने कोट्यवधी मुलांना हसवले, त्याचा मी मत्सर करणार नाही. कादंबरीकाराला एवढे वाचक स्वप्नातही मिळत नाहीत. पण ढोलकपूर कुठे आहे? तिथे लाडू आहेत, गूळ कुठून येतो हे कुणाला माहीत नाही. राजा आहे, तलाठी नाही. २०२५ मधल्या 'महावतार नरसिंह'ला लोकांनी डोक्यावर घेतले. आमच्या भागातली पुष्कळ घरे पोखर्णीच्या नृसिंहाला मानणारी, त्यामुळे लोह्यातूनही गाड्या करून मंडळी नांदेडला पाहायला गेली. मीही गेलो. खांब फुटतो तेव्हा अंगावर काटा आला, खोटे कशाला सांगू! तरी बाहेर पडताना वाटले की देव घेतला, राक्षस घेतला, पण त्या खांबाचा दगड घडवणारा पाथरवट कुठे दिसला नाही. आपण आपल्या परंपरेतून देव तेवढे उचलतो. माणसे तिथेच राहतात.

पुण्यातल्या काही तरुणांनी २०२० साली 'राजी' नावाचा व्हिडिओ गेम काढला. नातीने तो मला दाखवला. त्यात सर्कशीतली एक मुलगी आपल्या भावाला शोधत राक्षसांशी लढते, मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून सांगितली जाते, वाडे आणि किल्ले राजस्थानी धर्तीचे. काम मन लावून केले आहे. पाहताना माझ्या मनात फक्त एक हावरट विचार आला, की पुण्याहून राजस्थानला जाताना यांची गाडी एकदा चुकून इकडे वळली असती तर!

कारण आमच्याकडे काय आहे पाहा. लोह्याहून अर्ध्या तासावर कंधार. आमचा तालुका पूर्वी कंधार तालुक्यातच होता. भुईकोट किल्ला, भोवती खंदक. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ.स. ९३९ ते ९६७) 'कंधारपुरवराधीश्वर' म्हणवून घेई. जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव तिथे होता. तलावाला समुद्र म्हणणारी माणसे कल्पनेत कमी नव्हती. आणि जवळच मानसपुरीच्या शिवारात क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष. अभ्यासकांच्या अंदाजाने ती मूर्ती ५० फुटांच्या घरातली असावी. उरली आहेत ती पावले आणि तुकडे. नातीला मी तिथे नेले. ती पावलाच्या अंगठ्याशी उकिडवी बसून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आबा, याचा बाकीचा कुठाय?" जपानी चित्रपटात जंगलाच्या देवाचे डोके कापून नेतात आणि त्याचे धड रात्रभर ते शोधत फिरते. तिच्या मनात तेच असणार. तिने हे पाऊल आधी पाहिले असते आणि तो चित्रपट नंतर, तर बरे झाले असते. आमच्या पोरांना अद्भुत म्हणजे जपानचे किंवा अमेरिकेचे, आणि आपल्या गावाचे म्हणजे धूळ, असे वाटते. त्यात पोरांचा दोष नाही. आम्ही त्यांना क्षेत्रपाल दाखवला नाही. मीही, वयाची साठी उलटून गेल्यावर, एका जपानी माणसाने आठवण करून दिल्यावर नेले.

खंडोबाचेच घ्या. त्याच्या पाच बायका. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, शिवाय रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई तेलीण. देवाच्या घरातच सारा गावगाडा नांदतो आणि सवतींच्या भांडणात जातीजातींचे टोमणे ऐकू येतात. त्याला मल्लूखान म्हणून भजणारे मुसलमान भक्तही आहेत. रा. चिं. ढेरे आणि जर्मनीहून येऊन धनगरांबरोबर रानोमाळ हिंडलेले गुंथर सोन्थायमर यांनी यावर आयुष्यभर काम केले. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला, त्यात अलुतेबलुते आणि फिरस्ते यांचा सबंध जमाखर्च आहे. लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ चे. जपान्यांना अमिनो भेटले. आमचे अमिनो आमच्याच कपाटात आहेत, धूळ झटकायची काय ती बाकी.

मात्र इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी, कारण मीच आता उत्साहात वाहवत चाललो आहे. उद्या कुणी खरोखर खंडोबाच्या यात्रेवर अद्भुत जग उभारले, तर पहिल्याच चित्रात भंडारा उधळला जाईल आणि दुसऱ्या चित्रात मुरळी नाचेल. भंडाऱ्याचा पिवळा रंग पडद्यावर फार सुंदर दिसेल. पण मुरळी म्हणजे देवाला वाहिलेली पोर. आईबापांनी नवस फेडला आणि तिने जन्म फेडला. अशी प्रथा महाराष्ट्रात कायद्याने बंद झाली आहे, तिच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना न विचारता तिचे नुसते चित्र उचलायचे असेल तर ते न उचललेले बरे. डिस्नेने २०२१ साली 'राया' काढताना आग्नेय आशियातल्या जाणकारांचे एक मंडळच नेमले होते. तरी पाच-सहा देशांची खिचडी केली म्हणून तिथल्या लोकांनी नाक मुरडलेच. नाक मुरडू द्यावे. विचारल्यावर मुरडलेले नाक आणि न विचारता दुखावलेले मन यांत फरक आहे.

ठरल्याप्रमाणे मार्गशीर्षात मुलगा सहकुटुंब आला आणि आम्ही माळेगावला गेलो. येळकोटाच्या गजरात देवदर्शन झाले, घोडे पाहून झाले, लाल कंधारी वळूंपुढे नातीने "आप्पा!" म्हणून फोटो काढले. मग मी तिला घिसाड्यांच्या पालांकडे नेले. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आला आहे, बाकी सारे तसेच. एक पन्नाशीची बाई घण घालत होती. नात समोर दगडावर बसून वही काढून चित्र काढू लागली. मी त्या बाईकडे निरखून पाहत होतो. ती तीच असण्याचे काही कारण नव्हते, ती तर आता सत्तरीपुढे असेल.

लोखंड पुन्हा आगीत गेले तशी बाई पदराने तोंड पुसत आली आणि वहीत डोकावली. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "तोंड माझंच हाय. पर घण असा नसतेत धरत, पोरी. दोनी हात आवळून धरलीस तर पयल्या घावाला खांदा निखळंल. ह्यो हात सरकता पायजे." आणि तिने घण नातीच्या हातात दिला. नातीला तो गुडघ्याच्या वर उचलेना. बाई हसली, मागे उभी राहिली, तिचे दोन्ही हात दांड्यावर बसवले आणि वरचा हात खाली कसा आणायचा ते सावकाश करून दाखवले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतला माणूस ओरडला, "लोखंड तापलं!"

परतताना गाडीत नातीने ते पान खोडरबराने पुसून हात पुन्हा काढायला घेतले. लोहा येईपर्यंत ते झाले नव्हते.